दुकानापुढचा गोटा

लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. साठी उलटल्यावर माणसाने पहिल्यांदा स्वतःसाठी लेखणी धरावी, आणि तीही गावाच्या कडेच्या एका बाजार-इमारतीची हकीकत सांगण्यासाठी, हे माझे मलाच विचित्र वाटते. संस्कृतात एम. ए. केल्यामुळे चांगले गद्य कसे असते हे मला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असल्यामुळेच आजवर मी लिहिले नाही. इतरांचे अर्ज, लग्नपत्रिकांचे मजकूर, शोकसभांची निवेदने मी तीसएक वर्षे लिहून दिली. त्यांत माझे स्वतःचे असे काही नव्हते. आता लिहीत आहे ते भीतीमुळे. येत्या रविवारी मला एका सभेत उभे राहून दोन शब्द बोलायचे आहेत, आणि बोलण्याच्या बाबतीत माझा इतिहास चांगला नाही.

तो इतिहास आधीच सांगून टाकतो. पदवी घेतल्यावर मला वर्ध्याजवळच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवण्याचे काम मिळाले होते. पहिल्या दिवशी मी फळ्यावर एक श्लोक लिहिला, खडू खाली ठेवला आणि वर्गाकडे वळलो. चाळीसएक चेहरे माझ्याकडे पाहत होते. अन्वय मला पाठ होता. तोंड उघडले, पण शब्द आला नाही. घसा दुखत नव्हता, पाय लटपटत नव्हते. आवाज जिथून निघतो त्या खोलीला कोणी बाहेरून कडी लावल्यासारखे झाले होते, एवढेच. वर्ग थोडा वेळ गप्प राहिला. मग मागच्या बाकावर कोणी खोकले, मग सगळेच खोकू लागले. ते सत्र मी फळ्याकडे तोंड करून कसेबसे काढले. पुढच्या सत्राला मला कोणी बोलावले नाही आणि मीही विचारायला गेलो नाही.

वडिलांनी मग मला एक गाळा घेऊन दिला. सेवाग्रामकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गृहनिर्माण संस्थेने तेव्हा नवी कॉलनी वसवली होती आणि कॉलनीच्या तोंडाशी सहा गाळ्यांची बैठी रांग बांधली होती. किराणा, पिठाची चक्की, शिंपी, दवाखाना, सायकलदुरुस्ती, आणि शेवटचा गाळा माझा. मी वह्या-पेने ठेवीत असे, टंकलेखन करीत असे. पुढे झेरॉक्सचे यंत्र आले. मागच्या खिडकीतून तुरीचे शेत दिसे. दुकान मला मानवले. गिऱ्हाईक येते, हवे ते सांगते, आपण ते काढून देतो. नुसती मान हलवली तरी भागते. सगळे मला 'सर' म्हणत, कारण मी काही महिने सर होतो. ते संबोधन ऐकले की दर वेळी मला तो वर्ग आठवे.

कॉलनीचे प्लॉट भरत गेले तशी ती रांगही वाढत गेली. आधी दोन्ही टोकांना गाळे जोडले गेले, मग वर मजला चढला, बाहेरून लोखंडी जिना आला. शिकवणी वर्ग आले, मोबाइलची दुकाने आली, ब्यूटी पार्लर आले. इस्पितळात नोकरी करणारी माणसे कॉलनीत भाड्याने राहू लागली आणि संध्याकाळची खरेदी इथेच करू लागली. लोक त्या जागेला 'कॉम्प्लेक्स' म्हणू लागले. तूर दिसेनाशी झाली. खिडकीतून समोरच्या फ्लॅटचे वाळत घातलेले कपडे दिसू लागले.

पाया मात्र सहा बैठ्या गाळ्यांपुरताच घातलेला होता. हे इतरांच्या लक्षात राहिले की नाही, मला माहीत नाही, माझ्या राहिले. छताला पहिली भेग पडली तेव्हा तिच्या टोकाशी मी पेन्सिलीने बारीक खूण केली, आणि दर अमावास्येला स्टुलावर चढून ती किती पुढे सरकली ते पाहू लागलो. अमावास्या कशासाठी, ते सांगता येणार नाही. भीतीलाही एखादा नेमलेला दिवस लागतो. एका दुपारी शिंप्याच्या दारावरच्या सज्ज्याचा मोठा तुकडा खाली आला. तो बरोबर शिंप्याच्या खुर्चीवर पडला. शिंपी त्या वेळी बटणे आणायला गेला होता. तेव्हा इमारत पाडणे आवश्यक होते, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. संस्थेने विकासक नेमला, जुने पाडून तीन मजली नवे बांधायचे ठरले, गाळेधारकांना नव्या इमारतीत गाळा मिळायचा होता. माझे कागद व्यवस्थित होते. मला भिण्याचे कारण नव्हते, आणि तरीही मी भीत होतो. एवढी माझी प्रकृती वाचकांनी ध्यानात घ्यावी.

कागद नसलेल्या नऊ जणी होत्या. त्या गाळ्यांपुढच्या मोकळ्या पट्टीवर भाजी घेऊन बसत. आसपासच्या खेड्यांतल्या या शेतकरी बायका, स्वतःच्या मळ्यातली वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, भेदरे म्हणजे टोमॅटो, कोहळे घेऊन सकाळी सामायिक ऑटोने येत आणि दिवस कलल्यावर जात. जाताना सगळे आवरून नेत. मागे फक्त एक गोटा ठेवीत. आमच्याकडे दगडाला गोटा म्हणतात. प्रत्येकीचा गोटा वेगळा, एकीचा चुन्याने रंगवलेला, एकीचा गेरूने, एकीचा नुसताच गोल. दिवसा तो पोत्याच्या कोपऱ्यावर वजन म्हणून असे, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी मालकिणीची जागा राखे. दोन-दोन दिवस कोणी आली नाही तरी तिच्या गोट्याच्या जागेवर दुसरी बसत नसे. झाडणारा झाडू गोट्याभोवतून फिरवी. "गोटा हाय तं माणूस हाय," असे त्या म्हणत, आणि इतक्या वर्षांत त्याला अपवाद झालेला मी पाहिला नव्हता.

माझ्या दुकानापुढे बसणारीचा गोटा म्हणजे फुटक्या पाट्याचा अर्धा तुकडा होता, काळा, टाकीच्या खुणा झिजून गुळगुळीत झालेला. ती माझ्या पायरीशी वीसेक वर्षे बसत होती. तिचे पाण्याचे भांडे माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात असे, जेवणाचा डबाही. सगळ्या कॉम्प्लेक्समध्ये ती एकटी मला 'सर' न म्हणता 'भाऊ' म्हणे. माझ्या अबोलपणाची ती उघड थट्टा करी.

"भाऊ, तुमी बोलून राह्यले का मनातल्या मनात वाचून राह्यले? आमाले काई आयकू येत नाई बाप्पा."

मी हसून मान हलवी. ती चहाचा अर्धा कप पायरीवर ठेवून म्हणे, "घ्या, उलीसा घ्या. घसा मोकळा होते."

तिची जाऊ तीन गोटे पलीकडे बसे. दोघी एकाच घरच्या, एकाच ऑटोने येणाऱ्या, दिवसभर एकमेकींना टोमणे मारणाऱ्या. जावेचा आवाज रस्त्याच्या पलीकडे जाई. "माह्या जाऊबाईचं वांगं तिच्यासारखंच हाय," ती गिऱ्हाइकाला सांगे, "वरून चमकते, अंदर बिया." आणि ही इकडून म्हणे, "तिचं कोहळं घ्या बाप्पा, तिच्या डोक्यावानी पोकळ हाय, वजनाले हलकं पडते." संध्याकाळी मात्र दोघींच्या रिकाम्या टोपल्या एकीत एक घातलेल्या असत.

पाडकामापूर्वी मोजणी व्हायची होती. तिच्याआधी संस्थेच्या सभागृहात सर्वांची एक बैठक झाली. मी गेलो नाही. बैठकीत कोणी 'सर, तुम्ही दोन शब्द बोला' म्हणेल या भीतीने मी अशा बैठकांना कधीच जात नसे. दुकानात बसून राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सचिवांनी आणलेली सूचना टंकित करून दिली. मोजणीच्या दिवशी परिसर स्वच्छ ठेवावा, एवढेच तीत होते. बैठकीत काय ठरले ते मी विचारले नाही.

ठरले होते ते असे. भाजीवाल्यांनी विचारले होते, आमची मोजणी कशी होणार? मोजणीचा दिवस नेमका तान्ह्या पोळ्याचा, पोळ्यानंतरच्या मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाचा होता, आणि पोळा व तान्हा पोळा असे दोन दिवस त्यांच्यापैकी कोणी बाजाराला येत नसे. त्यावर सचिव म्हणाले होते, की तुमचे गोटे तर जागेवर असतीलच. जिथे गोटा असेल तिथे इंजिनिअर नंबर घालेल, आणि ज्यांचा नंबर पडेल त्यांना नव्या इमारतीत भाजीचा ओटा मिळेल. हे त्या पट्टीवरच्या प्रत्येकाला माहीत होते. झाडणाऱ्याला माहीत होते. फक्त मला माहीत नव्हते.

मोजणीच्या सकाळी कचरा न्यायला ट्रॅक्टर आला. चालक ट्रॉली मागे घेत माझ्या पायरीकडे येऊ लागला. मी दारात उभा होतो. काळा गोटा ट्रॉलीच्या चाकाच्या रेषेत होता आणि मला वाटले, तो फुटेल. पाट्याचा दगड; ज्या बाईने तो जपला तिला आपण काय सांगू? 'थांबा' असे ओरडणे हा सरळ उपाय होता. दुसऱ्या कोणीही तेच केले असते. मी ओरडलो नाही. खाली वाकून गोटा उचलला, आत नेला आणि टेबलाखाली ठेवला. तेव्हा मला बरे वाटले, हेही सांगितले पाहिजे. आपण कोणाची तरी वस्तू वाचवली, असे वाटले.

अकराच्या सुमारास मोजणीची माणसे आली. परगावची होती. एकाच्या हातात लेझरचे यंत्र होते, दुसऱ्याच्या हातात लाल रंगाचा फवारा. यंत्रातला लाल ठिपका माझ्या भिंतीवर पडला, कपाटावर सरकला, आणि क्षणभर माझ्या छातीवर थांबला. मी श्वास धरला. मला आठवते, तो ठिपका गरम लागेल असे मला वाटले होते.

"समोर मोकळंच आहे ना, सर?" इंजिनिअरने बाहेर बोट दाखवीत विचारले.

मी पाहिले. मोकळे होते. मी मान हलवली.

ती माणसे गेल्यावर, ऊन उतरल्यावर, मी गोटा पुन्हा त्याच्या जागी नेऊन ठेवला, अगदी त्याच खाचेत. पलीकडे जमिनीवर लाल आकडे दिसत होते. ते कसले, हे मला समजले नाही. समजायला दुसरी सकाळ उजाडावी लागली.

ऑटोतून उतरताच सगळ्या जणी आपापला आकडा पाहायला धावल्या. एक ते आठ. ती माझ्या पायरीशी आली, गोटा उचलून खाली पाहिले, गोट्याभोवती पाहिले, मग पायरीवर पाहिले.

"माह्या गोट्यापाशी नंबर काऊन नाई पडला, भाऊ?"

त्याच क्षणी किराणावाले शेजारून म्हणाले, "गोटा असेल तिथं नंबर, असंच ठरलं होतं बैठकीत." आणि मला सगळे एकदम कळले. सांगायचे ते सोपे होते. 'मी उचलला होता.' तोंड उघडले. ती माझ्याकडे पाहत होती. आणि मागून तिची जाऊ, किराणावाले, चक्कीवर दळण घेऊन आलेली दोन माणसे, सगळी पाहत होती. बाहेरून कडी लागली.

"विचारतो मी," एवढे मी म्हणालो. तेही इतक्या हळू, की तिने "काय?" म्हणून पुन्हा विचारले.

त्यानंतरचे अकरा दिवस मी कसे काढले ते फुलवून सांगत नाही. रोज सकाळी ऑटोचा आवाज आला की मी कपाटाकडे तोंड करी. झेरॉक्सच्या यंत्रात कागद उलटा घालू लागलो. रोज ठरवी, ती भांडे ठेवायला आत येईल तेव्हा सांगू. ती आत येई, भांडे ठेवी, आणि मी शाईची बाटली शोधत खाली वाके. एक दिवस उशिरा सांगणे हे पहिल्या दिवशी सांगण्याहून कठीण असते, आणि तिसऱ्या दिवशी त्याहून. हे मला कळत होते. कळण्याचा उपयोग होत नव्हता.

दरम्यान तिने स्वतःच उत्तर शोधले. गोटा जागेवर होता आणि नंबर मात्र नव्हता. म्हणजे मोजणीच्या वेळी कोणीतरी तो हलवला आणि नंतर आणून ठेवला. असे कोण करील? तिची जाऊ तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नातवाचा लाकडी बैल सजवायला लागणारा कागद आणण्यासाठी सकाळी गावात आली होती. तिला कोणीतरी कॉम्प्लेक्सपाशी पाहिले होते.

"तुले दोन ओटे पायजे होते ना?" पाचव्या दिवशी ती भर बाजारात जावेला म्हणाली. "माहा बी अन् तुहा बी?"

"मी काऊन हात लावू तुह्या गोट्याले?" जाऊ उसळली. "त्या फुटक्या पाट्याले? मले घरी काई कमी हायेत का पाटे?"

"थो माह्या सासूचा पाटा हाय!"

"अन् माही काय लागत होती थे? सासूच लागत होती ना?"

आजूबाजूचे हसले. त्या दोघी हसल्या नाहीत. त्या संध्याकाळी टोपल्या एकीत एक गेल्या नाहीत. दोघी एकाच ऑटोत बसल्या, पण एक पुढे आणि एक मागे. मी शटर अर्धे ओढून आत उभा होतो.

अकराव्या दिवशी ती दुकानात येऊन माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली. हरकती नोंदवण्याची मुदत संपत आली होती.

"भाऊ, अर्ज लिहा. तुमच्यासारखं कोनाले लिहिता येत नाई. लिहा, का माह्या जावेनं माहा गोटा उचलला, अन् म्हून माही जागा गेली."

मी कागद घेतला. नाव, गाव, विषय, महोदय. इथपर्यंत हात चालला. मग तिच्या तोंडचे वाक्य कागदावर उतरवायची वेळ आली, आणि ते मला लिहिता येईना. आयुष्यात मी अनेकांसाठी अनेक गोष्टी लिहिल्या होत्या. हे लिहिणे शक्य नव्हते. तेव्हा मी जे केले ते आजवर केलेल्या सगळ्यांत भित्रेपणाचे कृत्य आहे. मी खरे ते लिहिले. स्वच्छ, वळणदार अक्षरात, माझ्या नावानिशी लिहिले, की गोटा अर्जलेखकाने उचलला आणि अर्जदाराच्या जावेचा त्याच्याशी संबंध नाही. आणि ती "वाचून दाखवा" म्हणाली तेव्हा कागदाकडे पाहत मी तिने सांगितलेलेच तिला ऐकवले. तिला अक्षरे जुळवता येत, पण जोडून लिहिलेले वाचता येत नसे. तिने सावकाश आपले नाव लिहिले, पदराने बोट पुसले आणि म्हणाली, "आता निकाल लागते."

माझा हिशेब असा होता, की संस्थेच्या कार्यालयात कोणीतरी एकटा बसून तो अर्ज वाचील, नववा आकडा घालील, आणि कोणाला काही कळणार नाही. कागदाने माझ्यासाठी बोलावे, एवढीच इच्छा होती.

हरकतींची सुनावणी दुसऱ्याच दिवशी सभागृहात झाली. सगळ्या भाजीवाल्या होत्या, गाळेधारक होते, विकासकाचा इंजिनिअर होता. ती कापडी पिशवीत गोटा घेऊन आली होती. तिने तो अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. टेबलाची काच करकरली.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारले.

"माही जागा," ती म्हणाली.

मग सचिवांनी अर्ज उचलला आणि मोठ्याने वाचू लागले. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ होतो. माझीच वाक्ये माझ्याकडे येत होती. '…तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी अर्जदाराचा गोटा प्रस्तुत अर्जलेखकाने स्वतःच्या हाताने उचलून दुकानात ठेवला. अर्जदाराच्या जावेचा अथवा अन्य कोणाचाही…'

जाऊ उठून उभीच राहिली. "आयकलं का? आयकलं का बाप्पा हो? इतके दिस मले चोर म्हून राह्यली होती हे!"

टेबलापाशी उभी असलेली ती वळली. सगळ्या डोक्यांवरून तिने मला शोधले.

"भाऊ, हे खरं हाय का?"

मी उभा राहिलो. उभा राहिलो हे मला आठवते. अध्यक्ष चांगले गृहस्थ आहेत, ते समजुतीने म्हणाले, "सर, तुम्ही फक्त हो म्हणा. मला इतिवृत्तात लिहून घ्यायचे आहे." इंजिनिअर म्हणाला, की अर्ज लिहिणारा माणूस पक्षकाराच्या सोयीचे काहीही लिहून देतो, कागदावर विश्वास ठेवता येणार नाही, तोंडी सांगितले पाहिजे. सभागृहात शांतता झाली. ती शांतता मी ओळखली. आता कोणी खोकेल, असे वाटले, आणि कोणीतरी खोकलेच. मी मान हलवली. सचिवांनी विचारले, "म्हणजे हो की नाही?" मी पुन्हा मान हलवली, आणि मग बाहेर पडलो.

इतिवृत्तात लिहिले गेले, की साक्षीदाराने तोंडी दुजोरा दिला नाही. सबब हरकत सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी, आणि तोवर आठच ओटे धरावेत.

तिने मला बाहेर पायऱ्यांवर गाठले. रागाने बोलली नाही. त्याची मी तयारी केली होती. याची केली नव्हती.

"अकरा दिस," ती म्हणाली. "माहं पान्याचं भांडं कुठं असते थे तुमाले ठाऊक हाय. अन् एवढं सांगता नाई आलं, सर?"

त्या दिवसापासून ती मला 'सर' म्हणते.

पाडकाम सुरू झाले त्या सकाळी सगळ्या जणी आपापले गोटे उचलून घेऊन गेल्या. तिचा तिथेच होता, रिकाम्या पायरीशी. ती विसरली की तिने ठेवला, मला माहीत नाही. जेसीबीचा पंजा माझ्या छताला लागला आणि मी पेन्सिलीने खुणा केलेली भेग एका झटक्यात उघडली. आतून चिमण्यांचे गवत पडले. मी पुढे जाऊन गोटा उचलला. दुसऱ्यांदा. या वेळी सगळ्यांच्या देखत.

आता तो माझ्या घराच्या ओसरीत आहे. दुकानही ओसरीतच आहे, एक टेबल आणि यंत्र; घरी मी एकटाच. पुनर्विकासाच्या जागेभोवती निळे पत्रे उभे आहेत आणि पत्र्यांवर नव्या इमारतीचा नकाशा रंगवला आहे. काचेचे दर्शनी भाग, सरकता जिना, तळमजल्यावर कोपऱ्यात भाजीचे आठ चौकोन. मी जाता-येता ते मोजतो. आठच भरतात. ती पत्र्यांबाहेर, डांबराच्या कडेला बसते. ट्रक गेला की तिच्या पालकाची पाने उलटतात आणि ती दोन्ही हातांनी टोपली धरते. एखादे दिवशी ट्रक आणखी हातभर आत आला तर, या विचाराने मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जातो. जणू मी न पाहिल्याने तो येणार नाही.

गेल्या आठवड्यात दोघी जावा माझ्या ओसरीत आल्या. एकत्र. ती उभीच राहिली. जाऊ न विचारता बसली.

"रविवारी सभा हाय," ती म्हणाली. "नकाशा पक्का होऊन राह्यला. या टायमाले कागद नोका देजा. तोंडानं सांगजा."

"प्रयत्न करतो," मी म्हणालो.

"दोनच शब्द हायेत, सर. मी उचलला."

"मी सांगू का त्याईच्या बदल्यात?" जाऊ म्हणाली. "माहा आवाज भल्लाच मोठा हाय. फकस्त उचलला कोनं, थे लोकाईले पटलं पायजे."

ती हसली नाही, पण तिच्या तोंडाचा कोपरा हलला. गोट्याकडे तिने पाहिले. मी तो द्यायला वाकलो, तर म्हणाली, "राहू द्या. जागा भेटली तं नेईन. नाई भेटली तं घरी नेऊन काय करू?"

तेव्हापासून मी सराव करतो. दार लावून, गोट्यासमोर उभा राहून म्हणतो, 'मी उचलला.' आवाज येतो. दार उघडे ठेवूनही एकदा आला. काल फाटक वाजले, कोणी झेरॉक्ससाठी आले होते, आणि 'मी' वर थांबला. भेगेच्या खुणांसारखी याचीही नोंद मी ठेवली असती, पण दिवस थोडे उरले आहेत. न बोललो तर माझे काही जाणार नाही. माझा गाळा कागदावर पक्का आहे. जाईल तिची चार फूट जागा, आणि ती उरलेली वर्षे ट्रकांच्या वाऱ्यात बसेल.

सभेला सगळी कॉलनी येईल. शंभरएक खुर्च्या मांडतील. त्यांतल्या एखाद्या खुर्चीवर तुम्ही असाल, आणि माझे तोंड उघडून आवाज आला नाही, तर न खोकता थोडा वेळ थांबाल का?